काडीडॉक्टर बारवेचं पाणी प्यायला त्याची गोष्ट

फार वर्षांपूर्वी, आपल्या कवठाळीत नळ नव्हता आणि हापसाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. साल मला विचारू नका. मी चौथीत शाळा सोडली, आणि ज्यांनी सोडली नाही त्यांनाही ते सांगता येत नाही. ऐकायचं तर गप बसून ऐका.

तेव्हा सगळं गाव एका बारवेवर जगायचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बाया पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, घागर बुडवायच्या आणि वर यायच्या. आणि दरवर्षी पेरणी तोंडावर आली की गावात नारू निघायचा. तुम्हाला नारू माहीत नाही ते बरंच आहे. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. हातभर लांब. ओढला तर तुटायचा आणि पाय सडायचा. माणूस खाटेवर पडायचा, रान तसंच पडायचं. गाव म्हणायचं, हा बारवेतल्या देवीचा धागा आहे, तिच्या मनात येईल त्याला ती बांधते.

त्या गावात दामोदर खटके डॉक्टर होऊन परत आला. त्याचा बाप नारूनं लंगडा झाला होता. शहरात दवाखाना टाकला असता तर माडी बांधली असती, पण आला तो इथंच. लिंबाची काडी घ्यायचा, नारूचं डोकं तिला गुंडाळायचा आणि रोज थोडी थोडी फिरवायचा. रोगी ओरडला की म्हणायचा, "हळू. तुटू द्यायचा नाही." लोक त्याला काडीडॉक्टर म्हणायला लागले. त्याच्या हातून एकही नारू तुटला नाही, असं म्हणतात. त्यानं काडी पुढं केली की नारू आपण होऊन वर यायचा, असंही म्हणतात. ते खोटं असणार. हात मात्र हलका होता.

पण काढून काढून काढणार किती? यंदा ज्याचा काढला, त्याच्याच घरात पुढच्या साली दुसऱ्याला. डॉक्टरनं पारावर गाव जमवलं आणि सांगितलं, "दुखरा पाय पाण्यात बुडतो, नारू पाण्यात पिल्लं सोडतो. ते पाणी तुम्ही पिता आणि वर्षानं तुमच्या पायातून तो निघतो. पायऱ्या बुजवा. वरून दोरानं शेंदा, फडक्यानं गाळून प्या."

देवी म्हणजे बारवेतल्या कोनाड्यातला शेंदूर लावलेला धोंडा, आणि तिची पूजा सगुणाक्काकडं होती. दामूला तिनं कडेवर खेळवलेला, त्यामुळं ती त्याला डॉक्टर म्हणत नसे. ती म्हणाली, "पाणी गेलं पोटात आन् किडा निघतो पायातनं? मग भाकरी खाल्ली की कानातनं निघंल का रं?"

"वर्ष लागतं अक्का त्याला."

"वर्षभर काय करतो त्यो पोटात? सालदारकी?"

गाव हसून हसून लोळलं. तिथंच विषय संपला.

डॉक्टर तालुक्याला गेला. साहेब म्हणाला, देवाच्या पायऱ्या आहेत, वरून हुकूम लागतो. जिल्ह्याला गेला. तिथंही तेच, वरून लागतो. डॉक्टरनं विचारलं, "वर म्हणजे कुठं?" ते म्हणाले, दिल्लीला. "बरं," डॉक्टर म्हणाला, "मग तिथं जातो."

लोक निवडणुकीला उभे राहतात खुर्चीसाठी. हा पायऱ्या बुजवायला उभा राहिला. ना गाडी, ना भोंगा. ज्यांचे नारू त्यानं काढले होते ते गावोगाव आपल्या पायांनी चालत गेले, आणि तेच पाय लोकांना दाखवले. निवडून आला.

आता गावची रीत ऐका. कवठाळीचं माणूस मोठ्या कामाला परमुलखात निघालं की बारवेत उतरायचं आणि शेवटच्या पायरीवर उभं राहून ओंजळभर पाणी प्यायचं. गावाचं पाणी पोटात असलं की गाव विसरत नाही, अशी समजूत. हलगी वाजत होती, हार घातलेले, आणि सगुणाक्का म्हणाली, "चल दामू, उतर."

"गाळून दे, पितो."

हलगी थांबली.

"देवीचं पाणी गाळतोस?" अक्का म्हणाली. "हितलं पाणी तुला घाण, मग हितल्या माणसांचं तू तिथं काय बोलणार?"

डॉक्टर पाण्याकडं बघत उभा राहिला. न प्यावं तर गाव कायमचं तुटतं, आणि प्यावं तर काय होईल ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "पितो. पण आजपासून वर्षभर मी या बारवेचा थेंब पिणार नाही, या पायरीवर पाय ठेवणार नाही. राहणार दिल्लीत, पिणार नळाचं. तिथं माझ्या पायातून नारू निघाला तर कुणाचा म्हणशील? देवीचा का पाण्याचा?"

"देवी गावाची शीव ओलांडत न्हाई," अक्का म्हणाली. "तिथं निघाला तर पाण्याचाच. मग पहिला दगड मीच टाकीन. पी आता, लई बोलतोस."

तो प्यायला.

एका ओंजळीनं नारू होतोच असं नाही. झाला नसता तर डॉक्टर खोटा पडला असता आणि पायऱ्या उघड्याच राहिल्या असत्या. स्वतःला रोग व्हावा म्हणून वर्षभर वाट बघणारा डॉक्टर दुसरा कुठं झाला असेल तर मला सांगा.

दिल्लीच्या सभेत तो वर्षभर नारूवर बोलला. पंखे फिरायचे, माणसं डुलक्या घ्यायची. ज्यांच्या घरात नळ, त्यांना नारूचं काय? मग पेरणीचे दिवस आले आणि डॉक्टरच्या घोट्यावर फोड आला. बायको रडायला लागली. हा मात्र खुशीत आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता, असं म्हणतात.

फोड फुटल्या दिवशी तो सभेत गेला, पाय बाकावर ठेवला, पट्टी सोडली आणि काडी फिरवत बोलायला लागला. "हे काय चाललंय?" कुणीतरी ओरडलं. डॉक्टर म्हणाला, "माझ्या गावाचं पाणी आहे, महाराज. गेल्या साली प्यायलो, आज निघतंय." बोलत गेला आणि काडी फिरवत गेला. असं म्हणतात, की भाषण संपलं तरी नारू संपला नाही. डुलक्या घेणारे एकेक करून उभे राहिले. त्याला बसा म्हणायची छाती कुणाची झाली नाही. पायऱ्या बुजवायचा हुकूम निघाला, पुढं डॉक्टर मंत्रीही झाला, आणि बाकीच्यांच्या खिशात पेन असायचं तिथं याच्या खिशात काडी.

पण हुकमानं दगड उचलले जात नाहीत. ते माणसांनाच उचलावे लागतात. हुकूम हातात पडताच डॉक्टर तसाच लंगडत गावी आला. नारू अजून निम्मा पायात होता, निम्मा काडीवर. तो सगुणाक्काच्या ओट्यावर बसला आणि पाय पुढं केला.

अक्कानं पाय डोळ्यांशी धरून बघितला. "दिल्लीत निघाला?"

"दिल्लीत."

"मीच पाजलं रं तुला."

"पाजलंस म्हणून तर झालं, अक्का."

मग ती उठली आणि पाराकडं तोंड करून ओरडली, "बघता काय मेल्यांनो, दगड आना!" पहिला दगड तिनंच टाकला. असं म्हणतात, की त्या सकाळी देवी आपण होऊन पायऱ्या चढून काठावर येऊन बसली होती. मी म्हणतो, अक्कानं उचलून आणली असेल. पण त्या म्हातारीच्यानं तो धोंडा उचलला कसा, याचं उत्तर माझ्याकडं नाही. शेवटचा दगड बसला आणि डॉक्टरचा नारू पुरा काडीवर आला, असंही म्हणतात.

पुढं एका निवडणुकीत डॉक्टर पडला. गावी येऊन दवाखाना उघडून बसला, तर नारूचा एकही रोगी येईना. दिवसभर माशा मारायचा आणि खूश असायचा. तसाच म्हातारा होऊन गेला.

बारवेवर आता रहाट आहे आणि त्याला लिंबाची काडी बांधलेली, काडीला पांढरा दोरा. दर पेरणीआधी ती नवी बांधतात. गावचं कुणी नोकरीला निघो, सैन्यात निघो, नाहीतर सासरी, त्यानं वरून पाणी शेंदायचं, फडक्यानं गाळायचं, आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पाजायचं आणि मग स्वतः प्यायचं. मतं मागायला येणाऱ्यालाही सुटका नाही. गेल्या खेपेला एक उमेदवार बाटलीचं पाणी घेऊन आला होता. बायांनी बाटली काढून घेतली आणि दोर हातात दिला. त्याला घाई होती, पुढं सभा होती, तो हिसके द्यायला लागला. तेव्हा काठावरचं सगळं गाव एका आवाजात म्हणालं,

"हळू. तुटू द्यायचा नाही."