दारं आणि भगदाड

एकदा एक वृद्ध पानमळेकरी, रावजीआबा, सकाळी वेलींना पाणी देत होता. शेजारी त्याची नात केतकी उभी होती. कर्करोगावर दोन वर्षं खपून तिने औषध शोधलं होतं. त्याने प्रयोगशाळेतली गाठ मेली, पण सोबत वाढवलेले मज्जातंतूंचे कोवळे धागेही सुकले. आता हे कामच सोडायचं तिने ठरवलं होतं.

"असं काय करतं तुझं औषध?"

"आबा, पेशीच्या अंगावर दारं असतात. रिसेप्टर टायरोसिन कायनेज म्हणतात त्यांना. बाहेरून सांगावा आला की दोन दारं एकमेकांना बिलगून जागी होतात, अन् आत निरोप जातो, वाढ! मज्जातंतू त्याच निरोपावर वाट काढतो. कर्करोगात एखादं दार बिघडतं. सांगावा नसतानाही वाढ-वाढ करत बसतं. म्हणून मी सगळीच बंद केली."

"नाव लई अवघड बाई," आबा हसला. "आपल्या दाऱ्यासारखंच की!" अन् त्याने फावड्याने पाटाच्या कडेचं एक दारं, म्हणजे वाफ्यात पाणी सोडायचं तोंड, मातीने मिटवून दाखवलं.

इतक्यात मधला वाफा तुंबू लागला. त्याचं दारं तर बंद होतं! मुळं कुजतील या भीतीने केतकीने फावडं उचललं आणि मुख्य पाटच बुजवला. आबाने शांतपणे तिची माती उपसून पाट पुन्हा वाहता केला.

"आबा, वाफा बुडतोय अन् तुम्ही पाणी सोडता?"

"डॉक्टरीणबाई, जरा दम धरा."

तो गुडघ्यांवर बसला, गढूळ पाण्यात बांधालगत हात फिरवला आणि एका जागी चिखलाचा गोळा दाबून धरला. खेकड्याचं बीळ होतं तिथे; त्यातूनच पाटाचं पाणी वाफ्यात शिरत होतं. तुंबणं थांबलं.

"पोरी, पाण्याचा काय गुन्हा? पलीकडची नवी वेल याच पाण्यावर वर चढायची आहे. हाकेसरशी उघडतं अन् हाकेसरशी मिटतं, ते दारं. हाक नसताना वाहतं, ते भगदाड. तू भगदाडाचा राग दाऱ्यांवर काढलास."

केतकीने फावडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "पण एवढ्या पाण्यात भगदाड सापडलं कसं?"

"डोळ्यांना नाही दिसत ते. हात घालून बसावं लागतं. न बोलावता ओढ लागते तिथं बोटांना कळतं. आम्हाला शिकायला चार पावसाळे लागले. तुला दोनच वर्षं झाली ना गं?"

केतकीने बाह्या सारल्या आणि हळूच पाण्यात हात घातला. काम सोडायचा विचार मनातून कधी निघून गेला, ते तिलाही कळलं नाही.