कोंडतळ्याचे वाल

रोह्याच्या पुढे, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत कोंडतळे नावाचे गाव आहे. तिथे कुणाच्या घरचे माणूस वारले, तर परक्याला ते लवकर कळत नाही. ओटीवर वीस-पंचवीस माणसे मांडी घालून बसलेली असतात, प्रत्येकाच्या पुढ्यात मोड आलेल्या वालांचा ढीग असतो आणि सगळ्यांची बोटे चालू असतात. रडण्याचा आवाज नाही, की कुणाचे बोलणे नाही. गेल्या साली रस्त्याची मोजणी करायला आलेल्या एका साहेबाने असल्याच ओटीवर वाकून, लग्न कुणाचे आहे, म्हणून विचारले होते.  कुणीतरी त्याला बस म्हणून खूण केली आणि मूठभर वाल त्याच्या पुढ्यात ढकलले.

या गावात दुखवट्याला जाणे असे कुणी म्हणत नाही. वाल सोलायला जाणे म्हणतात. ‘काल थोरल्या आळीत वाल सोलून आलो’ असे म्हटले, की ऐकणारा हात जोडतो. असे का, ते सांगायचे काम गावाने हसुराम म्हात्रे यांच्याकडे दिलेले आहे. त्यांचे वय झाले आहे, ऐकू कमी येते, त्यामुळे त्यांना मध्येच प्रश्न विचारून उपयोग नसतो. ते सांगतात ते असे.

फार पूर्वी कोंडतळ्याइतके रडणारे गाव पंचक्रोशीत नव्हते, म्हणे. रडण्याची रीत ठरलेली होती. बाप गेला तर मुलाचा आवाज शिवेपर्यंत पोचला पाहिजे. सासू गेली तर सुनेचा आवाज निदान विहिरीपर्यंत तरी, मग मनात काही का असेना. बायको गेली तर नवऱ्याने उघड्या ओटीवर बसून कपाळ बडवायचे, आणि ते शेजाऱ्याला आतल्या खोलीत ऐकू आले पाहिजे. या सगळ्यावर ठमाआयची देखरेख असे. ठमाआय म्हणजे गावातली सर्वांत जाणती बाई. तिने रडण्याचा हेल काढला की गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरत, असे सांगतात. शेजारच्या गावांहून तिला बोलावणी येत. परत येताना ती बरोबरच्या बायकांना वाटेत निवाडा ऐकवी, “थोरली बरी रडली. धाकटीला आवाज हाय, पण पाणी नाय.”

रीतीमागे कारणही होते. गावाची समजूत अशी, की मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर तहान लागते आणि मागे राहिलेल्यांची आसवे हेच त्याचे पाणी. ते मिळाले नाही, तर ते माणूस माघारी फिरते आणि गावच्या विहिरीवर येऊन बसते. आणि कोंडतळ्यात विहीर एकच.

त्या गावात पोशा नावाचा शेतकरी होता. पाऊसकाळात भात आणि भात निघाले की त्याच ओलीवर वाल, एवढी त्याची शेती. त्याची बायको पारी. मूलबाळ नव्हते. घरात बोलायचे काम पारीकडे आणि ऐकायचे पोशाकडे, असा त्यांचा संसार होता आणि दोघांनाही आपापले काम आवडत होते. फाल्गुनात, शिमग्याला माहेरची माणसे येणार म्हणून पारीने पायलीभर वाल भिजत घातले, फडक्यात बांधले. अंगात कणकण होती, पण ती ऐकते कुणाची? वालांना मोड आले त्या पहाटे पारी गेली.

तिला पोचवून गाव पोशाच्या ओटीवर परतले. ठमाआयने पदर सावरला, बायकांनी तिच्याकडे पाहिले, आणि हेल निघाला. आता पोशाने कपाळाला हात लावायचा आणि सुरू व्हायचे, असे सगळ्यांनी धरले होते. पोशा आत गेला. बाहेर आला तो पाण्यात टाकलेल्या वालांची परात घेऊन. खांबाला टेकून बसला आणि एकेक वाल चिमटीत धरून सोलू लागला.

रडणे आपोआप थांबले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, आणि हा माणूस बिरड्याची, म्हणजे वालांच्या उसळीची तयारी करत होता.

“पोशा,” ठमाआय म्हणाली, “काय करतंस?”

“सोलतंय.”

“दिसतंय मना. पण कशाला?”

पोशाने सोललेला वाल बाजूला ठेवला. “मोड आलंत. आज नाय सोललं तर नासतील. मग ती बोलंल.”

बायकांनी तोंडाला पदर लावले. पोशाला मात्र यात वावगे काही दिसत नव्हते. रडावे असे त्यालाही वाटत होते. त्याने सकाळी प्रयत्नही केला होता, आडोशाला जाऊन. आतून काही आलेच नाही. छातीत कुणीतरी ओले पोते ठेवल्यासारखे झाले होते, आणि ते हलत नव्हते. वाल सोलताना ते निदान आणखी जड होत नव्हते.

पहिला दिवस गावाने सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ठमाआय स्वतः शिकवायला बसली. “अरं, सोपं हाय. पहिलं आवंढा गिल. मग तिचं नाव घे. ‘कुठं गेलीस गं’ म्हन. म्हन बघू.”

“कुठं गेलीस गं,” पोशा म्हणाला. म्हैस चुकली तर माणूस शेजाऱ्याला विचारतो, तशा आवाजात.

तिसऱ्या दिवशी कांदे आणले. पोशाच्या डोळ्यांना काही झाले नाही. कांदा चिरणाऱ्या बायका मात्र रडल्या, पण ते पारीच्या नावे धरायचे की नाही यावर त्यांच्यात मतभेद झाले. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यातून निघाले, की ओटीखाली शेणी पेटवून त्यावर मिरच्या टाकाव्यात. तो धूर वाऱ्याने फिरला आणि अर्धी आळी खोकत, डोळे पुसत बाहेर पडली. गावचा पाटील चाहू म्हात्रे, जो स्वतःच्या बापाच्या वेळी मोजून मापून रडला होता, तो तर पिंपळाखाली बसून हुंदके देत होता. पोशाला दोन शिंका आल्या. त्याने नाक पुसले आणि परात जवळ ओढली.

आता परातीचेच नवल होऊ लागले होते. पायलीभर वाल एका माणसाने किती दिवस सोलायचे? पण रोज सकाळी पाहावे तर परात काठोकाठ. हे वाल संपतच नाहीत, पारीच रात्रीतून परात भरून जाते, असे एकीने म्हटले आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांनी पाहिलेले होते. त्यातच विहिरीवर पहाटे ओली पावले दिसली. फाल्गुन असल्याने विहिरीचे पाणी खाली गेले होते. ते दरसाल जाते. पण त्या साली ते पारी पीत होती.

“जितेपनी दोन लोटं पानी प्यायची नाय,” एक म्हातारा म्हणाला, “आनि मेल्यावर विहीर प्यायली.”

पावले बरीच मोठी होती, टाचांना भेगा होत्या आणि ती विहिरीवरून निघून थेट पोशाच्या घरात जात होती. पारीची पावले तर लहान होती, हे गावाला ठाऊक होते. मेल्यावर पाय वाढतात, असे ठमाआयने सांगितले, आणि मग कुणी त्याच्या पुढे गेले नाही. पोशाच्या कणगीतले वाल किती खाली गेले आहेत, हे पाहायला तर कुणी त्या घरात पाऊलच टाकत नव्हते.

विहिरीवर बायका जाईनात. तेव्हा चाहू पाटलाने गावकी बसवली आणि निकाल घेऊन पोशाच्या दारात आला.

“पोशा, तुज्यावर आमचा राग नाय. पन एक तुज्यापायी सगलं गाव तहानंनं मरंल. दहाव्याच्या आत तू रड. नाय रडलास तर तुजा विस्तव-पानी बंद. कोन तुज्याकडं येनार नाय, तू कोनाकडं जायचं नाय. मेलास तर खांदा द्यायला पन कोन नाय.”

“मना येत नाय, पाटील.”

“येत नाय म्हंजे काय? सगल्यांना येतंय. मना येतंय!”

पोशाने मान हलवली. पाटील गेल्यावर तो खांबाला टेकून पुन्हा सोलू लागला. गाव सोडायचे म्हणजे हे घर सोडायचे. हा खांब, जिथे पारी टेकून बसायची; ही परात, जिचा पोचा तिने खलबत्त्याने ठोकून काढायचा प्रयत्न केला आणि आणखी मोठा केला. दुसऱ्या गावी जाऊन रडणे जमेल कदाचित. पण मग रडून काय उपयोग?

नवव्या दिवशी दुपारी सगळे गाव पोशाच्या ओटीवर जमले. हा शेवटचा उपाय होता. ठमाआयने सकाळपासून घसा सांभाळला होता, ज्येष्ठमध चघळला होता. माणसे दाटीवाटीने बसली. पोशाला मात्र इतकी माणसे घरी येऊन रिकाम्या हाताने बसलेली बघवेनात. पारीने कुणाला असे बसू दिले नसते. त्याने एकेकाच्या पुढ्यात मूठभर मूठभर वाल ठेवले.

आता त्या भागातल्या माणसाच्या पुढ्यात भिजलेला वाल आला आणि बोटे गप्प राहिली, असे होत नाही. बायका सोलू लागल्या. त्यांच्याकडे पाहून पुरुषही सोलू लागले. पाटलाने आधी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते; थोड्या वेळाने त्याचाही एक हात बाहेर आला.

ठमाआयने सुरुवात केली. हेल असा निघाला, की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. “माजी पारी गं, सोन्याची बाहुली गं! कदी कोनाला उलटून बोल्ली नाय गं!”

पोशाने मान वर केली. “बोलायची.”

ठमाआयने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. “कदी कोनाशी भांडली नाय गं!”

“काकी,” पोशा अदबीने म्हणाला, “तुमच्याशीच भांडली होती. खाडीच्या वाटंवर. तुमी तिला घूस म्हनालात.”

ओटीवर कुणीतरी खोकल्याचे निमित्त केले. ठमाआयला आपला सगळा जन्म पणाला लागल्यासारखे वाटले असावे. तिने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा हेल काढायला तोंड उघडले. त्याच क्षणी पोशाच्या चिमटीतला वाल सटकला. ज्यांनी वाल सोलले आहेत त्यांना ठाऊक आहे, तो साल सोडून कसा सुटतो. तो उडाला, पाटलाच्या मुंडाशावरून गेला आणि सरळ ठमाआयच्या उघड्या तोंडात जाऊन पडला.

हेल थांबला. ठमाआयचे तोंड मिटले. सगळे गाव श्वास रोखून तिच्या गळ्याकडे पाहत होते. तिने वाल या गालातून त्या गालात घेतला. चावला. गिळला.

“मोड बरा आलाय,” ती म्हणाली.

आणि पोशा हसला. आधी नाकातून, मग पोटातून. “पारी अशीच मारायची,” तो म्हणाला. “सोलता सोलता. मी तिकडं बसलेला असलो ना, तर हितून. कानावर. नेम चुकायचा नाय तिचा. आनि वर मनाच म्हनायची, नीट बस, मदी येऊ नको.” तो हसतच राहिला, आणि आता बाकीचेही हसू लागले. नऊ दिवस धरून ठेवलेले हसू होते ते. पाटील तर हसता हसता शेजाऱ्याच्या खांद्यावर आडवा झाला.

पोशाचे हसणे कुठे संपले आणि पुढचे कुठे सुरू झाले, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आवाज बंद झाला होता, पण खांदे हलत होते. मान खाली होती. परातीतल्या पाण्यात थेंब पडत होते. हात वाल शोधत होते आणि सापडत नव्हते.

हे पहिल्यांदा पाहिले ते ठमाआयने. इतकी वर्षे माणसांना रडवणारी ती बाई; पण असे रडणे तिने कधी पाहिले नव्हते. जाहीर करायला तिने तोंड उघडले, पोशाकडे पाहिले, आणि मिटले. मान खाली घातली आणि पुढचा वाल उचलला. तिच्या शेजारणीने तिच्याकडे पाहून मान खाली घातली. मग तिसरीने. असे करत सगळी ओटी खाली पाहू लागली.

पाटील मात्र अजून डोळे पुसत होता आणि त्याला गावकीचा निकाल लावायचा होता. तो ठमाआयकडे सरकला. “आय, रडला का गं?”

ठमाआयने आणखी एक वाल सोलला.

“मोठ्यानं रडला पाहिजे. कुठवर गेला आवाज? विहिरीवर गेला?”

“चाहू,” ठमाआय वर न पाहता म्हणाली, “तुजं तू वाल सोल.”

संध्याकाळपर्यंत परात रिकामी झाली. ठमाआयने ते बिरडे आपल्या घरी रांधून आणले आणि पहिला घास पोशाला दिला. पोशाने तो खाल्ला, आणि मीठ कमी असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून परात भरेनाशी झाली, विहिरीवरची पावले बंद झाली. पारीची तहान भागली, असे गाव म्हणाले. हसुरामदादा इथे म्हणतात, “आमचा गाव भोला हाय, पन आंधला नाय. कललं होतं सगल्यांना. बोल्लं नाय कोन.”

पोशाचे विस्तव-पाणी चालू राहिले. ठमाआयने त्यानंतर कुणाच्याही घरी हेल काढला नाही. पुढे ती गेली, तेव्हा सबंध गाव परात घेऊन तिच्या ओटीवर बसले होते.

गाव तेच असल्यामुळे, ही रीतही पहिल्या रीतीइतकीच कडक झाली आहे. कोण कसे सोलतो यावर परतीच्या वाटेवर आता बोलले जाते. “थोरला बरा सोलतो, धाकटा दाने मोडतो.” रोह्याच्या बाजारात हल्ली सोललेले बिरडे पिशवीत मिळते. एक जावई तसली पिशवी घेऊन आला, तर गावाने त्याला परत बाजारात पाठवले आणि सालीसकट वाल आणायला लावले. कुणी मोठ्याने रडू लागले, तर म्हाताऱ्या बायका दटावतात, “गप. सोल.”

आजही त्या ओटीवर एक जागा खांबाजवळ असते, ज्याच्या घरचे माणूस गेले त्याची. त्याच्या हातून वाल सटकतात, दाणे मोडतात, कधी हात नुसतेच पाण्यात राहतात. पंचवीस माणसे शेजारी बसलेली असतात, लहान मुलेसुद्धा. पण तो उठून आत जाईपर्यंत एकही मान वर होत नाही.