म्हातारीची शेळी आणि राजकन्येचा हुंकार

एका राज्यात मंजुघोषा नावाची राजकन्या होती. एके दिवशी एक मांत्रिक तिला गोष्ट सांगत बसला. ऐकणाऱ्यानं अधूनमधून 'हं' म्हणावं, ही जगाची रीत. पण ही बया ऐन रंगात घोरू लागली! मांत्रिकाचं पित्त खवळलं.

"हुंकार देत नाहीस? दगड हो! जो कलावंत तुझ्याकडून हुंकार घेईल, तोच तुला सोडवील. तीन खेपा त्याच्या. तिसरी हुकली, तर तोही दगड."

एवढं बोलून तो गुप्त झाला, जेवायलाही थांबला नाही.

राजा धुंडिसेनानं दवंडी पिटवली. रंगोबा बहुरूपी आला, खांद्यावर बोलकी साळुंकी घेऊन.

"महाराज, माझ्या सोंगाला देवही फसतात."

"देवांचं राहू दे. दगडाचं बघ," राजा म्हणाला.

रंगोबा वाघ झाला. अशी डरकाळी फोडली की प्रधानजी सिंहासनामागे लपले. राजा आधीच तिथे होता. दगड मात्र गप्प.

दुसऱ्या खेपेला तो म्हातारी झाला आणि धाय मोकलून रडला. दरबारानं डोळे पुसले. दगड कोरडा.

"रंगोबा," साळुंकी म्हणाली, "म्हातारी रडते कशासाठी?"

"मला काय ठाऊक!"

"आणि वाघ कुठून आला?"

"सोंगाला कुठून-कशाला लागतं?"

"तुलाच ठाऊक नाही, मग दगडानं काय म्हणून 'हं' म्हणावं?"

रंगोबा वरमला. पळून जावंसं फार वाटलं त्याला, पण वेशीची दारं बंद होती. त्यानं रंग पुसला, डोक्यावर पदर तेवढा ठेवला आणि राजकन्येसमोर मांडी घातली.

"एक म्हातारी होती. तिची एकुलती एक शेळी वाघानं नेली. म्हातारी काठी टेकत गुहेशी गेली. म्हणाली, 'माझी शेळी दे.' वाघ म्हणाला, 'शेळी पोटात आहे.' तेव्हा म्हातारी..."

आणि पुढचं सुचेना! पाय जड झाले, गुडघे थंड पडले. राजानं घाईघाईनं स्वतःच "हं, हं" केलं, पण शाप काही खुळा नव्हता. दगड रंगोबाच्या कमरेपर्यंत चढला.

"हं... मग?"

राजकन्या बोलली होती! ओठ उघडले, गाल लाल झाले, दगड गळून पडला. रंगोबाचे पायही मोकळे झाले. राजा नाचला, नगारे झडू लागले.

"नगारे थांबवा!" मंजुघोषा ओरडली. "मग काय केलं तिनं?"

नगारे थांबले. रंगोबाला ठाऊक नव्हतं. त्यानं पदर पुढे ओढला, पाठीला बाक दिला, काठी हातात घेतली आणि पोटातली शेळी मागायला निघालेल्या म्हातारीलाच विचारलं.

म्हातारीनं त्याच्याच तोंडून पुढचं सांगितलं.