भिंतीमागची माणसं

एका गावात एक भिंत होती. तशा गावात भिंती पुष्कळ. पण बाकीच्या भिंतींमागं घरं होती आणि या भिंतीमागं म्हातारी माणसं लपवलेली असत. कोणी त्यांना कोंडलेलं नव्हतं हो. ती बिचारी बसची वाट बघत बसलेली असत.

गावाचं नाव उंबरदरा. तालुक्याला जाणारी बस दिवसातून एकदा गावावरून जायची, तीही आपल्या लहरीनं. कधी सकाळी, कधी उन्हं डोक्यावर आल्यावर, कधी मुळीच नाही. गाडीची वेळ विचारली तर लोक आभाळाकडे बोट दाखवायचे. बरं, आली तरी थांबेलच असं नाही. बसची पायरी गुडघ्याएवढी उंच. म्हातारं माणूस चढायला वेळ लावणार, आणि ड्रायव्हर आधीच उशिरा निघालेला. थांब्यावर एखादी काठी दिसली की तो गाडी तशीच पुढं दामटायचा. मागं धूळ खात उभं राहायचं.

यावर तोड काढली सयाबानं. सयाबा वयानं उताराला लागला होता, पण अंगात रग होती आणि डोकं तल्लख होतं. थांब्याला लागूनच एका बंद पडलेल्या डेअरीची भिंत होती. तो गावाला म्हणाला, "म्हातारी-कोतारी, लंगडी-पांगळी समदी भिंतीमागं बसा. म्होरं धडधाकट माणसं उभी राहतील. गाडी थांबली की मी पायरीवर पाय रोवतो. तुम्ही चढल्याबिगर पाय काढायचा न्हाई."

युक्ती लागू पडली. चार दांडगे गडी बघून ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, आणि मग भिंतीमागून काठ्या टेकत म्हातारी माणसं बाहेर पडायची. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, पण सयाबाचा पाय पायरीवर असेपर्यंत त्याचा इलाज नसायचा. एखाद्या ड्रायव्हरला ही चलाखी कळेपर्यंत त्याची बदली व्हायची आणि नवा यायचा. सयाबाला मोठा अभिमान वाटायचा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं तो येता-जाता म्हणायचा, आणि गावही त्याच्या मागून तेच म्हणायला लागलं.

पुढं त्याच्याच घरावर पाळी आली. त्याची बायको गजराबाई, तिला साखरेचा आजार. पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं आणि जखम चिघळत गेली. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "दर मंगळवारी पट्टी बदलायला आणा. खंड पडला तर पाय काढावा लागेल." गजराबाईला नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकल्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं. त्यामुळं सयाबाही तिच्यासोबत भिंतीमागं बसू लागला. पायरी धरायचं काम त्यानं शेजारच्या बबनला दिलं.

पण गाडी यायलाच हवी ना. एका मंगळवारी ती आलीच नाही. पुढच्या मंगळवारी आली ती आधीच खच्चून भरलेली, आणि न थांबता गेली. जखमेच्या कडा काळ्या पडू लागल्या. सयाबाला रात्र रात्र झोप येईना.

शेवटी एक दिवस तो एकटाच तालुक्याला गेला आणि डेपोतल्या साहेबापुढं हात जोडून उभा राहिला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, भिंतीच्या युक्तीचं तेवढं सयाबानं सांगितलं नाही. साहेब म्हणाला, "आमच्याकडे खाली पायरी असलेली एक नवी गाडी आली आहे. गरज दिसली तर ती तुमच्या मार्गावर लावतो, आणि तुमच्या थांब्यावर थांबलंच पाहिजे असा हुकूमही काढतो. पण मी आधी स्वतः गाडीत बसून येणार, डोळ्यांनी बघणार."

"कवा येणार, साहेब?"

"सांगून आलो तर खरं काय ते कसं दिसेल? तुम्ही एवढंच करा. ज्यांना गाडीनं जायचंय, त्या सगळ्यांना समोर उभं करा."

सयाबा हरखून गावात आला. दुसऱ्या दिवशी सगळी म्हातारी भिंतीपुढं येऊन बसली. गाडी आली, काठ्या बघितल्या आणि भरधाव निघून गेली. तिच्यात साहेब नव्हता. तिसऱ्या दिवशीही तेच. लोक कुरकुरू लागले, आणि त्यांचं तरी काय चुकलं? ज्यांना जायचं होतं ती माणसं जागच्या जागी राहिली होती.

मग मंगळवार उजाडला. गजराबाई थांब्यावर आली ती थेट भिंतीपुढच्या दगडावर बसली. म्हणाली, "आज म्होरंच बसू. आज साहेब आसंल."

"आन नसला तर?" सयाबा म्हणाला. "काल गेली, परवा गेली, तशी आजबी जाईल. आज पट्टी चुकली तर पाय गेला समज."

"त्यांनी बघितल्याबिगर त्यांना कळायचं कसं?"

सयाबाला बोलणं पटत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं ती काळी पडलेली कड होती. साहेबाचा भरवसा धरावा तर आजची गाडी जाते, आजची गाडी धरावी तर साहेबाला काही दिसत नाही. तो घाबरला. आणि घाबरलेला माणूस जुन्या वाटेनंच पळतो. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून त्यानं बायकोला उठवलं आणि भिंतीमागं नेऊन बसवलं. त्याचं बघून बाकीची म्हातारीही निमूट मागं गेली.

त्याच गाडीत ड्रायव्हरशेजारी साहेब बसला होता.

गाडी अगदी वेळेवर आली आणि नीट थांब्यावर थांबली. साहेबानं खिडकीतून बघितलं. चार धट्टेकट्टे गडी उभे होते. ते चढले. बबननं शेवटी पायरीवर पाय रोवला आणि भिंतीकडे नजर टाकली.

साहेब म्हणाला, "आत या. पायरीवर उभं राहू नका. आणखी कोणी आहे का?"

 बबननं साहेबाला याआधी कधी बघितलं नव्हतं, पण अंगावरच्या कपड्यांवरून आणि ड्रायव्हरच्या गुमान बसण्यावरून त्यानं ओळखलं. भिंतीमागं माणसं आहेत म्हणावं, तर गाव गाडी फसवून थांबवतं हे उघड होणार. मग साहेब चिडला आणि थांबाच बंद केला तर? त्यानं आत बसलेल्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"कोणी न्हाई, साहेब," बबन म्हणाला आणि आत गेला.

कंडक्टरनं घंटी मारली. गजराबाईला खांद्यावर घेऊन सयाबा भिंतीच्या कडेला पोचला तेव्हा गाडी हलली होती. तो जीव तोडून ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? ज्यांना आतून दिसलं, तेही बोलले नाहीत.

पुढच्या मंगळवारपर्यंत विष वर चढलं होतं. गजराबाईचा पाय गुडघ्याखाली काढला.

इकडं साहेबानं डोळ्यांनी बघितलं होतं तसाच निकाल दिला. उंबरदऱ्याला सगळी धडधाकट माणसं, ती हमरस्त्यावरच्या फाट्यापर्यंत सहज चालत जातील, तेवढाच गाडीचा वेळ वाचेल. थांबा बंद झाला. खाली पायरी असलेली गाडी दुसऱ्या कुठल्या गावाला गेली.

बबन सयाबाच्या दारात येऊन रडला. म्हणाला, "काका, थांबा जाऊ नये म्हणून मी गप बसलो."

सयाबानं त्याला शेजारी बसवलं. मग म्हणाला, "तुझं काय चुकलं, बाबा? मी शिकवलं तेच तू केलंस."

सयाबा पुन्हा डेपोत गेला होता. फाट्यापर्यंत पायी, आणि पुढं मिळेल त्या वाहनानं. साहेबाची बदली झाली होती. नवा साहेब म्हणाला, "पाहणी झालेली आहे."

आता त्या भिंतीमागं कोणी बसत नाही. गजराबाई कुबड्या घेऊन भिंतीपुढच्या दगडावर बसते, शेजारी सयाबा बसतो. गावातली सगळी म्हातारी तिथंच उन्हाला येऊन बसतात. रस्त्यावरून कोणालाही ती लांबूनच दिसावीत. रोज गाडी येते आणि वेग कमी न करता निघून जाते.

तात्पर्य: मूठ झाकली तर अब्रू राहते, पण दुखणं झाकलं तर औषध देणाराही दारावरून निघून जातो. आपल्यातल्या दुबळ्यांना लपवून जे आपलं काम साधतात, त्यांच्या दुबळ्यांना पुढं जगही मोजत नाही.