चांदोरकरांचं खरं ठरलेलं भाकीत

विज्ञानकथाकार चांदोरकर वारले आणि महिन्याभरात नगराध्यक्ष भगवानराव ढमढेरेंनी वाचनालयातली त्यांची पुस्तकं रद्दीत काढायचं ठरवलं. भरसभेत ते गरजले, "मी आयुष्यात एक पुस्तक वाचलं नाही, माझं काही अडलं? आणि या चांदोरकरांचं एक तरी भाकीत खरं ठरलंय का?"

ग्रंथपाल कुमुदताई सभेला हजर होत्या. त्यांची नोकरी नगराध्यक्षांच्याच हातात होती. तरी त्या उठल्या आणि चांदोरकरांची एक कादंबरी उघडून वाचू लागल्या, "त्या शहराचा प्रमुख आपला अडाणीपणा छातीवरच्या बिल्ल्यासारखा मिरवी. तज्ज्ञ दिसला की त्याची टिंगल करी आणि पुस्तक दिसलं की रद्दीवाल्याला हाक मारी."

"बंद करा!" ढमढेरे लालबुंद झाले. "हे सरळसरळ माझ्यावर लिहिलंय!"

"कसं शक्य आहे, साहेब?" कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात. पण एक भाकीत खरं ठरलं असं तुम्हीच म्हणताय, तर इतिवृत्तात नोंदवून घेऊ ना?"

सभेत एकच हशा पिकला आणि ठराव तिथंच बारगळला. दुसऱ्या दिवशी त्या कादंबरीसाठी वाचकांची रांग लागली. पहिला नंबर सौ. ढमढेरेंचा होता.