फुटाण्याच्या डोळ्याखालचा भोवरा

सरका जरा. बारक्या, पाय आखड. छबी, पांघरुणावरून भांडण नको, दोघांना पुरेल एवढं आहे ते. हं, आता ऐका.

एका मुलखावर झुंजारराव नावाचा राजा राज्य करायचा. नाव झुंजारराव, पागेत घोडेच घोडे, पण त्याला घोड्यावर बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "आमचा गुडघा दुखतो." हा गुडघा ध्यानात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

त्या मुलखात लोकांना घोड्यांचं भारी वेड. आणि घोड्यांपेक्षा जास्त वेड भोवऱ्यांचं. भोवरा म्हणजे दोरीने फिरवायचा तो नव्हे. बारक्या, तुझ्या टाळूवर केस कसे गोल फिरलेत, तसे घोड्याच्या अंगावर फिरलेले असतात. छातीवर भोवरा असला की त्याला म्हणायचे देवमण. तो घोडा भाग्याचा. डोळ्याखाली असला की म्हणायचे आसूढाळ. तो घोडा म्हणे धन्याला रडवतो. आता मला सांगा, केस कुठे गोल फिरले यावर कुणाचं भाग्य ठरतं का? घोडा काय केसांनी पळतो? पण लोक मानायचे. नुसते मानून गप्प बसते तरी चाललं असतं. त्यांनी त्याचा कायदा केला.

कायदा असा. तट्टू तीन वर्षांचं झालं की राजाच्या गावच्या जत्रेत न्यायचं. घरातल्या मुलानं नाहीतर मुलीनं त्यावर बसून रिंगणात फेरी मारायची. राजाचा घोडेपारखी बघणार. त्याला पसंत पडलं तर तट्टाला कुंकू लावणार. कुंकू लागलं की तट्टू घरी परत. नाही लागलं, तर त्याच दिवशी नदीपलीकडच्या रानात सोडून द्यायचं. आणि त्या रानात होते वाघ.

मग काय झालं, डोंगराच्या पायथ्याला सटवाजी नावाचा एक मीठवाला राहत होता. तट्टावर मिठाच्या गोण्या घालून दारोदार फिरायचा. त्याची मुलगी हौसा, साधारण तुझ्याएवढी, छबी. आणि त्यांच्या घोडीला झालेलं एक शिंगरू. रंग भिजल्या उंदरासारखा, पोट गाडग्यासारखं, आणि उभं राहिल्या राहिल्या तडतड उड्या मारायला लागलं. म्हणून हौसानं त्याचं नाव ठेवलं फुटाणा.

आणि फुटाण्याच्या उजव्या डोळ्याखाली होता भोवरा. आसूढाळ.

फुटाणा वाढला. आईच्या मागे मागे मीठ विकायला जायला लागला. मिठाच्या तट्टाची एक रीत असते बरं का. दार आलं की थांबायचं. मग हौसा विचारायची, "मीठ हवं का, मावशी?" मावशीनं काहीतरी उत्तर दिलं की पुढे निघायचं. कुणी विचारलं नाही, कुणी उत्तर दिलं नाही, तर फुटाणा तिथेच उभा. ढकलला तरी हलायचा नाही. आणि एखाद्या दारात त्याच्या डोळ्यातून टपकन पाणी पडायचं. घरचे म्हणायचे, मीठ झोंबत असेल.

होता होता फुटाणा तीन वर्षांचा झाला. जत्रा जवळ आली. हौसा रोज पहाटे त्याला खरारा करायची, भिजवलेले हरभरे चारायची, माळावर दुडकी चालवायची. पहिल्या दिवशी पडली. कुठे पडली? शेणात. उठली, परत बसली. पुढे पडायची थांबली. फुटाण्यानंही सगळं शिकून घेतलं. पुढचा पाय उचलून मुजरा शिकला, गोल फेरी शिकला. एकच गोष्ट काही केल्या सुटेना. रिंगणाच्या कडेला माणूस उभा दिसला की हा थांबायचा. त्याला वाटायचं, दार आलं.

हौसाची आत्या म्हणाली, "अगं, हा राजासमोर जाऊन मीठ विकेल."

"विकू दे," हौसा म्हणाली. "तुझ्यासारखं उधार तरी नाही मागणार."

"थांबण्याचं राहू द्या गं," हौसाची आई म्हणाली. "भोवऱ्याचं बोला. त्याचं काय करायचं?"

मग आईनं काजळ आणलं. भोवऱ्यावर चोपडलं आणि म्हणाली, "विचारलं तर सांगू, तिथे जन्मापासून काळा डागच आहे." तिनं असं म्हटलं मात्र, काय सांगू, भोवरा हलला. गरगर फिरला, पिठाच्या जात्यासारखा. डोळ्यातून पाण्याची धार लागली आणि काजळ ओघळून फुटाण्याचं तोंड काळं झालं.

मग नालबंद हुसेनचाचा आले. त्यांनी घोड्याच्या तोंडाला बांधायची कातड्याची गोंडेदार मोरखी केली. तिचा पट्टा बरोबर भोवऱ्यावर. चाचा म्हणाले, "कुणी विचारलं तर म्हणायचं, माश्या त्रास देतात म्हणून बांधलंय." भोवरा परत गरगर. पाणी असं वाहिलं की कातडं भिजून सैल झालं आणि मोरखी पायात पडली. चाचा डोकं खाजवत म्हणाले, "बेटी, माझ्या मोरखीला आजवर कुणी अशी नावं ठेवली नव्हती."

तिसऱ्यांदा हौसानं स्वतःच ठरवलं. गोठ्यात गेली, फुटाण्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पारख्याला सांगायचं ते घोकून पाहिलं. "महाराज, याला भोवरा कधी नव्हताच." तिच्या तळहातावर टपकन पाणी पडलं. गरम.

हौसानं तळहाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "फुटाण्या, तुला शिंगं आहेत." टपकन थेंब. "तुला चार पाय आहेत." थेंब नाही. "तू माझा आहेस." थेंब नाही. "तू फार देखणा आहेस." भोवरा थोडा हलला, मग विचार करून थांबला.

तेव्हा तिला कळलं. मीठबीठ काही झोंबत नव्हतं. ज्या मावश्या घरात मीठ नसताना 'आहे, भरपूर आहे' म्हणायच्या, त्यांच्या दारात तो रडायचा. खोटं बोललं की भोवरा फिरायचा आणि फुटाणा रडायचा. बस, एवढंच. ती हसली आणि म्हणाली, "मग आपण तोंड धुऊन, आहे तसे जाऊ."

मग जत्रेचा दिवस उजाडला. पालं ठोकलेली, रेवड्यांचे ढीग, हलगी वाजतेय. मधे मोठं रिंगण. कडेला घोडेवाले उभे, आणि उंच मांडवात राजा झुंजारराव, गुडघ्यावर हात ठेवून. घोडेपारख्याचं नाव नरहरपंत. डोक्यावर एवढं मोठं पागोटं. का एवढं मोठं, ते पुढे कळेल.

पोरं एकेक करून फेरी मारून गेली. मग हौसा आत आली. फुटाण्यानं मुजरा केला. लोक म्हणाले, वा. दुडकी धरली. लोक म्हणाले, वा. आणि पहिला माणूस दिसला तसा फुटाणा थांबला.

तो होता सर्जेराव सरदार. त्याच्या घोड्याच्या छातीवर केवढा तरी देवमण.

हौसानं टाच मारली. फुटाणा हलेना. लोक हसायला लागले. मग करते काय, तिनं विचारलं, "मीठ हवं का, काका?"

"चल हट," सर्जेराव म्हणाला. "देवमणाचा घोडा आहे हा. जन्मतः देवमण. तुझं तट्टू लांब ठेव."

भोवरा गरगर फिरला. पाणी उडालं ते त्या घोड्याच्या छातीवर. आणि देवमण निसटला. डिंकानं चिकटवलेला केसांचा पुंजका होता तो. खाली पडला, आणि एक कोंबडी तो उचलून पळाली.

उत्तर मिळालं होतं, म्हणून फुटाणा पुढे निघाला. दुसरी एक जहागीरदारीणबाई, तिचा काळाभोर घोडा. "मीठ हवं का, काकी?" बाई म्हणाल्या, "नको. आणि बघून घे, आमच्याकडे वाडवडिलांपासून काळेच घोडे." परत धार लागली, ती त्या घोड्याच्या अंगावर. काळा रंग ओघळला आणि आतून पिवळट पांढरा घोडा निघाला, अगदी म्हातारा.

तिसरे उभे होते नरहरपंत. "मीठ हवं का, पंतकाका?"

पंत म्हणाले, "मला काही नको. मी कुणाकडून काही घेतच नाही."

अरे बापरे. त्या दिवशी भोवरा जेवढा फिरला तेवढा कधी फिरला नव्हता. पंत मागे सरकले, पागोट्याचा पीळ सुटला आणि आतून बेसनाचे लाडू गडगडत खाली. सर्जेरावाचे लाडू, जहागीरदारीणबाईंचे लाडू. पागोटं मोठं होतं ते यासाठी. असल्या माणसाच्या हातात कुंकवाची डबी देतात, आणि मग म्हणतात, घोडे अशुभ निघाले.

पंत लाल झाले. ओरडले, "महाराज, आसूढाळ. डोळ्याखाली बघा. जाईल तिथं अश्रू. आत्ताच्या आत्ता नदीपार करा याला."

हलगी थांबली. हौसानं फुटाण्याची आयाळ घट्ट धरली. आता राजा काय म्हणेल, त्यावर सगळं.

राजा मांडवातून उतरून रिंगणात आला. माणूस दिसला. फुटाणा गेला आणि राजासमोर उभा राहिला.

हौसानं विचारलं, "मीठ हवं का, महाराज?"

राजा जरा हसला. "मीठ नको, पोरी. आम्ही स्वतः बसून तुझ्या तट्टाची परीक्षा घेतली असती. पण आमचा गुडघा दुखतो."

टपकन थेंब पडला. राजाच्या जोड्यावर.

लोकांनी नाही पाहिलं. राजानं पाहिलं. तो वाकला आणि हौसाच्या कानात हळूच म्हणाला, "सांग, डोळ्यात धूळ गेली. एवढंच सांग. मी आत्ता कुंकू लावतो."

बघा हं. एक शब्द. धूळ म्हणायचं आणि फुटाण्याला घेऊन घरी जायचं. तुम्ही काय केलं असतं? हौसानं तोंड उघडलंसुद्धा. मग तिचं लक्ष फुटाण्याकडे गेलं. तो तिच्याकडे मान वळवून बघत होता, आणि भोवरा फिरायला तयार होऊन थांबला होता.

तीही हळूच म्हणाली, "धूळ नाही, महाराज. तुमचा गुडघा दुखत नाही. मग काय झालंय?"

राजानं आजूबाजूला पाहिलं. मग अगदी कानाजवळ येऊन म्हणाला, "मला घोड्याची भीती वाटते. लहानपणी पडलो, तेव्हापासून."

भोवरा शांत. पाणी बंद.

"मीपण पडले होते," हौसा म्हणाली. "शेणात पडले. तुम्ही कशात?"

"काट्यात."

"मग बरोबर आहे तुमचं," हौसा म्हणाली. "पण हा लहान आहे. याच्यावरून पडायला जागाच नाही."

राजा हसला. आधी मिशीत, मग मोठ्यानं. आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचा गुडघा ठणठणीत आहे. आम्ही घाबरत होतो." हौसा खाली उतरली आणि राजा फुटाण्यावर बसला. पाय जमिनीला टेकत होते, जोडे घासत होते. हौसानं लगाम धरला. फुटाणा निघाला, आणि पहिलं माणूस दिसताच थांबला.

हौसा म्हणाली, "विचारा, महाराज. नाहीतर हा हलणार नाही."

मग राजानं विचारलं, "मीठ हवं का, आजी?" ती म्हातारी म्हणाली, "हवंय रे बाबा. घरात खडासुद्धा नाही." राजानं सगळं रिंगण असं फिरून काढलं. ज्यांना मीठ हवं होतं, त्यांना त्या दिवशी पागेच्या कोठीतून मीठ मिळालं.

मग राजानं पंतांच्या हातातली डबी घेतली. फुटाण्याच्या कपाळाला नाही, डोळ्याखालच्या भोवऱ्यालाच कुंकू लावलं, आणि दवंडी पिटली की आजपासून भोवरा बघून कुठलाही घोडा रानात सोडायचा नाही. पंतांना पागेत हरभरे भिजवायचं काम दिलं.

फुटाण्याला पहिलं बक्षीस मिळालं का? नाही मिळालं. प्रत्येक माणसापाशी थांबणाऱ्याला कसं मिळणार? ते एका धनगराच्या घोडीला मिळालं. तिची चाल खरंच चांगली होती. खरं ते खरं. हौसाला मिळाल्या मूठभर रेवड्या, त्यातल्या निम्म्या फुटाण्यानं खाल्ल्या, आणि दोघं दारोदार थांबत घरी आले. आत्यानं दारातूनच विचारलं, "काय गं, राजाला मीठ विकलंस का?" हौसा म्हणाली, "नाही. राजानंच विकलं."

पुढे राजा रोज रपेटीला जायला लागला. सटवाजीच्या घरी हरभरे कमी पडले नाहीत, आणि फुटाणा इतका म्हातारा झाला की त्याचा भोवरासुद्धा पांढरा झाला. सगळे सुखात राहिले. आपणही आहोत.

आता डोळे मिटा. बारक्या, झोपलास का?

झोपलो म्हणतोस? बघ हं. तिकडे गोठ्यात कुणाच्या तरी डोळ्यातून टपकन पाणी पडलं.