विणकर सोमिल याचा अर्ज

विषय : आजारी जनावराच्या मालकास उपचाराच्या वेळी जवळ बसू देण्याबाबत.
संदर्भ : विणकर सोमिल याचा अर्ज.

पूर्वी कुंदपुरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील पशुवैद्यशाळेत दुय्यम वैद्य होते. मालकाने दाराबाहेर थांबावे आणि जनावर चार सेवकांनी दाबून धरावे, असा तेथे नियम होता. एकदा येऊन गेलेले जनावर पुन्हा त्या दाराकडे फिरकत नसे. त्यावरून, येथला गुण कायमचा येतो, असा मुख्य वैद्य उत्पलक यांचा निष्कर्ष होता.

सोमिलाची पिंगळी कुत्री काटा मोडून लंगडत होती आणि पंजा सडू लागला होता. बायको गेल्यापासून, तो घरात शिरला की मान वर करणारे तेवढेच कोणी उरले होते. पिंगळी दाराशीच थरथरली आणि सेवकाला चावली. पुन्हा चावली तर मारून टाकावी लागेल, असे उत्पलकांनी शांतपणे सांगितले. सोमिलाने आत बसू देण्यासाठी अर्ज केला. उत्पलकांनी तो ठेवून घेतला.

बोधिसत्त्वांनी नियम पुन्हा वाचला. मालकाने आत येऊ नये, असे त्यात होते. वैद्याने बाहेर जाऊ नये, असे नव्हते. ते बाहेर येऊन निंबाखाली, पिंगळीकडे पाठ करून बसले.

"वैद्यबुवा, तिला बघत का नाही?" सोमिलाने विचारले.

"आधी तिला मला बघू दे. उद्या येताना ती निजते ती घोंगडी आण."

रस्त्यावर बसणाऱ्याला मुख्य वैद्याची जागा मिळत नसते, असे उत्पलकांनी बजावले. पुढे ते खरे ठरले.

पहिल्या दिवशी बोधिसत्त्वांनी नुसता भाकरीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी पंजाला हात लावला. तिसऱ्या दिवशी, घोंगडीवर पडून तिने सोमिलाच्या मांडीवर डोके टेकले असताना, काटा काढला. ती एकदाच कण्हली. तिला कोणी धरले नव्हते.

पंजा बरा झाला तरी सोमिल तिला रोज आणीत राहिला. तिची भीती मोडावी म्हणून, असे तो सांगे, आणि दिवस मावळेपर्यंत बसे. बोधिसत्त्वांनी अधिक विचारले नाही.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची पिंगळी म्हणजे काल गळू फोडायच्या भीतीने पळालेला हा भिक्खू, सोमिल म्हणजे त्याचा हात धरून बसलेला त्याचा सोबती, आणि दुय्यम वैद्य तो मीच. भ्यालेल्याजवळ घाई न करता बसणे, हीच मैत्री."

उत्पलक आज कोण आहेत, हे शास्त्यांनी सांगितले नाही. सोमिलाच्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.